झोपलेल्या नावा

"दुपारी यंत्र येईल," क्वे म्हणाला. "ते येईपर्यंत डास कुठे जन्मतात ते मला दाखवा. नाही दाखवलंत, तर मी वाळूचा बांध फोडून सगळं खाजण समुद्रात सोडणार आणि खाली राहील त्या चिखलावर तेल फवारणार."

"दाखवते," मी म्हणाले.

खानोलकर सरांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. मी सातपाटीच्या तांडेलांची. आमच्या घरात आधी बोलतात आणि मग विचार करतात. क्वेने टोपी डोक्यावर चढवली, दार आपटलं आणि गेला.

"दाखवते?" सर म्हणाले. "खंय दाखवतलंस? तुझ्या कपाळार?"

सर वेंगुर्ल्याचे. सभेत इंग्रजी, पत्रात पुणेरी आणि चिडले की मालवणी. ते पक्ष्यांचे अभ्यासक, मी डासांची. घानाच्या किनाऱ्यावरच्या आक्लाबो नावाच्या त्या मच्छीमार गावी आम्ही आलो होतो ते पाणथळीतले पक्षी आणि डास यांचा एकत्र अभ्यास करायला. गावामागे मैलभर पसरलेलं खारं पाणी होतं, समुद्रापासून वाळूच्या बांधाने तोडलेलं. तिथले लोक त्याला लगून म्हणत. सर म्हणाले, "लगूनबिगून काय नाय, ह्या खाजान." तेव्हापासून आम्ही दोघं खाजणच म्हणायचो.

आणि त्या पावसाळ्यात गावात डासांनी पसरणारा पीतज्वर शिरला. दोन माणसं गेली, त्यांतला पहिला ओकाई नावाचा मच्छीमार. दवाखान्यात खाटा भरल्या. कोर्को नावाची गावचीच परिचारिका एकटी सगळं ओढत होती. लस राजधानीतून निघाली होती, पण वाटेतले पूल वाहून गेले होते. क्वे हा जिल्ह्याचा आरोग्य अधिकारी. उंच, कडक इस्त्रीचा, बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पाहणारा. गावात कुणी त्याला नमस्कारसुद्धा करत नव्हतं आणि तोही कुणाच्या अंगणात पाय ठेवत नव्हता. सरकारी माणसाला कुठे कोण विचारतं, असं मला वाटलं.

आता त्याचं म्हणणं काय, तर घरात डास नाहीत म्हणजे ते खाजणात आहेत. घरात खरंच नव्हते. मी स्वतः प्रत्येक माठात डोकं घातलं होतं. माठांवर झाकणं, टायर हलवलेले, नारळाच्या करवंट्यासुद्धा पालथ्या. आणि तरी दिवसाढवळ्या पांढऱ्या पट्ट्यांचा तो डास किनाऱ्यावर घोंघावत होता, माझ्याच हातावर बसून मला चावत होता!

"हा डास खाऱ्या पाण्यात अंडी घालत नाही," मी क्वेला दहा वेळा सांगितलं असेल.

"मग कुठे घालतो?" तो विचारायचा. "घरात नाही म्हणता. आभाळात?"

रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, हे मला स्वच्छ दिसत होतं, पण रेडा कुठे बांधलाय तेच सापडत नव्हतं. आणि खाजण फुटलं तर काय होणार तेही दिसत होतं. त्या महिन्यांत गाव खाजणात जाळं टाकत नसे, कारण माशांची पिल्लं वाढत असत. वर्षभराची चूल त्या पिल्लांवर. बांध फोडला की सगळी समुद्रात, नाहीतर चिखलात तडफडून मेलेली. शिवाय उथळ पाण्यात थव्याने उतरलेले सुरय पक्षी, ज्यांच्यासाठी सर अर्धं जग ओलांडून आले होते, तेही गेले.

"चल," सर म्हणाले, "जीभ चालवलंस ना, आता पाय चालव."

आम्ही निघालो. बांधापासून दवाखान्यापर्यंत, ताडांपासून स्मशानापर्यंत. मी खड्डे पाहिले, झाडांच्या ढोल्या पाहिल्या, केळीच्या पानांचे बेचके पाहिले, चर्चच्या पन्हळीपर्यंत चढून आत हात घातला. एक पालही नव्हती तिथे, अळी कुठली! आठवडाभर उघाड होती आणि ऊन चढत होतं. लांबच्या रस्त्यावर धुरळा दिसला की यंत्र आलं का म्हणून मी टाचा उंचावून पाहायचे. एकदा तो बकऱ्यांचा कळप निघाला तेव्हा मी त्या बकऱ्यांना मनोमन नमस्कार केला.

सर किनाऱ्यावर थांबले होते. दुर्बीण डोळ्यांना. मला वाटलं, हा माणूस अशा वेळीसुद्धा सुरय मोजतोय. मी काही बोलणार तेवढ्यात ते ओरडले.

"यमुने! हय ये बेगीन!"

"काय झालं?"

"ते होले बघ. नावेत कित्याक उतारतत?"

किनाऱ्याच्या वरच्या अंगाला, ताडांच्या सावलीत, गावाच्या सगळ्या नावा ओढून ठेवल्या होत्या. अखंड खोडातून कोरलेल्या, लांबच लांब, रंगीत. जाळं बंद असेपर्यंत त्या झोपलेल्या असतात, असं तिथे मानत. झोपलेल्या नावेला हात लावायचा नाही, जवळून जाताना जोरात बोलायचं नाही, तिच्याकडे बोटसुद्धा दाखवायचं नाही. आल्या दिवशीच कोर्कोने आम्हाला बजावलं होतं आणि आम्ही ते इतकं मनावर घेतलं की आमच्या नकाशातही तेवढी जागा कोरी सोडली. पाहुण्यासारखं वागल्याचा केवढा अभिमान होता आम्हाला!

मी दुर्बीण हिसकावली. एक होला, कबुतराच्याच जातीचा, नावेच्या काठावर बसला, आत उतरला, दिसेनासा झाला. वर आला तेव्हा चोच ओली होती. त्याच्यामागून दुसरा उतरला, मग तिसरा.

"सर," मी म्हणाले, "पाणी पितायत."

"होलो खारा पाणी पिणा नाय," सर हळूच म्हणाले. बोलता बोलता त्यांचे डोळे मोठे झाले. "गोडा पाणी! पावसाचा!"

मला ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलेच. आमच्याकडे पावसाळ्यात होड्या शाकारतात. वर झापांचं छप्पर घालतात, आत थेंब पडू देत नाहीत. इथे तसं नाही, इथे नावा आभाळाकडे तोंड करून उघड्या झोपतात. पालथी घालायचीही नाही, कारण पालथी नाव म्हणजे धनी बुडाला. म्हणजे इतके दिवस पडलेला सगळा पाऊस त्या नावांत साठला होता, सावलीत, ताडाच्या पानांखाली, कुणी ढवळायला नाही, कुणी उपसायला नाही. डासांना याहून चांगलं सूतिकागृह मिळालं नसतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

मी पळाले. हातात माझं डासांच्या अळ्या धरायचं पळं, म्हणजे लांब दांड्याचा पांढरा डाव. सर मागून, पोट सांभाळत.

नावांपाशी नी ओक्पोती बसलेले असत. खाजणाचे पुजारी. 'नी' म्हणजे आपल्याकडे आबा म्हणतो तसं. पांढरं वस्त्र, पांढरी दाढी, आणि मांडीवर आडवं वल्हं. मला पळत येताना पाहून त्यांनी वल्हं उचललं.

"जा गो, तूच पुढे हो," सर धापा टाकत म्हणाले. "माका बघून तो म्हातारो नक्की मारतलो."

दवाखान्यातून कोर्को धावत आली, मध्ये पडायला आणि बोलणं सांगायला. मी गुडघ्यावर बसले. मोठ्यांशी उभ्याने बोलायचं नाही, एवढं तिने शिकवलं होतं.

"नी, मला नावेत पाहायचंय."

"नावा झोपल्यात."

"हात लावणार नाही."

"तुझी सावली पडेल."

"पडली तरी नावेवर नाही पडणार, पाण्यावर पडेल. ते पाणी नावेचं आहे का? ते पावसाचं आहे. मला नावेतलं काही नको, पावसातलं घोटभर द्या."

कोर्कोने हे सांगितलं तेव्हा ती स्वतःच घाबरली होती. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याची दाढी हलू लागली. तो हसत होता!

"ही कोणाची मुलगी?" त्याने विचारलं.

"मच्छीमाराची," मी म्हणाले. "आमच्या नावांना डोळे रंगवलेले असतात."

"मग तुला कळायला हवं," तो म्हणाला, पण वल्हं खाली ठेवलं.

मी काठाला न शिवता वाकून आत पाहिलं. चहासारखं तांबूस पाणी होतं आणि वर काहीच नव्हतं. मग ऊन सरकलं, मी हलले नाही, आणि एकेक करून तळातून अळ्या वर यायला लागल्या. बारीक, काळपट, डोकं खाली आणि शेपटीची नळी पाण्याच्या वर. माझी सावली पाहून बुडाल्या होत्या आणि आता श्वास घ्यायला आल्या होत्या. शेकडो! पाणी नुसतं वळवळत होतं. मी पळं बुडवलं, वर काढलं आणि त्यातला पांढरा तळ दिसेना इतकं ते भरलं होतं.

"गावले!" सर म्हणाले आणि टाळ्या वाजवायला लागले.

मी पळं म्हाताऱ्यापुढे धरलं. त्याने वाकून पाहिलं, खूप वेळ. मग दवाखान्याकडे पाहिलं. त्याचं हसू मावळलं.

"हे," त्याने विचारलं, "आमच्या नावांत?"

तेवढ्यात रस्त्यावर धुरळा उठला, आणि ह्या वेळी तो बकऱ्यांचा नव्हता.

पिवळं यंत्र घरांच्या मधून धडधडत आलं. तिकडे त्याला काय म्हणतात देव जाणे, आम्ही जेसीबीच म्हणालो. त्याच्यापुढे क्वेची जीप होती. मी पळं दोन्ही हातांत धरून जीपसमोर उभी राहिले. पाणी सांडू नये म्हणून मी हलत नव्हते आणि क्वे ब्रेक दाबेल की नाही याची खात्री नव्हती. त्याने दाबला.

"हे बघ! दाखवते म्हटलं होतं ना? बघ!"

त्याने बघितलं. तो डॉक्टर होता, त्याला समजवावं लागलं नाही. त्याचा चेहरा मात्र मला वाटलं तसा उजळला नाही.

"कुठे?" त्याने विचारलं.

"नावांत. सगळ्या नावांत असणार. खाजण निर्दोष आहे! परत ने ते यंत्र."

"मग आत्ता नावा उपसा," तो म्हणाला. "माझ्यासमोर. सगळ्या. एक जरी भरलेली राहिली तरी आठवड्यात पुन्हा डास उडतील आणि खाटांना माणसं पुरवतील. नावा उपसल्या नाहीत तर मी बांध फोडतो. मला काहीतरी केलंच पाहिजे."

"बांध फोडून नावांतले डास मरणार आहेत का?"

"निदान नावा तरी लागणार नाहीत कुणाला!"

हे वाक्य मला फार विचित्र वाटलं, पण विचार करायला वेळ कुठे होता? गाव जमलं होतं. बायका, बाप्ये, कडेवर पोरं. मी पुन्हा म्हाताऱ्यापुढे गुडघे टेकले.

"नी, नावा उपसू द्या. तुमच्या पाया पडते."

"झोपेतून उठवलेली नाव माणूस मागते," तो म्हणाला. "मी त्यांना उठवू शकत नाही."

"कोण उठवू शकतं?"

"दोनच गोष्टी. हंगामाचा ढोल. त्याला अजून अवकाश आहे. आणि नाववाल्याचं मरण. नाववाला मेला की सगळ्या नावा जाग्या होतात. त्याचं वल्हं त्याच्या नावेत ठेवतात आणि गाव त्याला खाजणाभोवती शेवटचं फिरवून आणतं."

मी कोर्कोकडे वळले. मला वाट दिसायला लागली होती. "आधी गेला तो ओकाई, तो नाववालाच होता ना? मग त्याच्यासाठी नावा का नाही उठवल्या?"

कोर्कोने हे भाषांतर केलं नाही. करायची गरजच पडली नाही, ओकाईचं नाव गावाला कळलं होतं. सगळे जीपकडे पाहत होते.

"मी बंदी घातली," क्वे म्हणाला. तो टोपी हातात घेऊन उभा होता. "तेव्हा प्रयोगशाळेचा निकाल आला नव्हता. कुठला ताप आहे ते माहीत नव्हतं. प्रेताला शिवून लागण होणारा असता तर अर्धं गाव गेलं असतं. मी त्याच दिवशी चुना टाकून पुरायला लावलं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करीन."

"बरोबरच केलं," सर मध्येच मराठीत बोलून गेले आणि मग तेच इंग्रजीत म्हणाले.

"आता तर निकाल आलाय," मी म्हणाले. "आता बंदी कशाला? उठा म्हणावं नावांना! नी, आज फिरवा ओकाईला. प्रेत नसलं तर नसलं, वल्हं तर आहे!"

म्हातारा उठला. मांडीवरचं वल्हं त्याने उचललं आणि तेव्हा मला कळलं की इतके दिवस ते तो कशासाठी सांभाळत बसला होता.

"मेलेल्याच्या नावेला पहिला हात जवळच्या माणसाचा लागतो," तो म्हणाला. "बापाचा, मुलाचा, नाहीतर भावाचा. ओकाईला बाप नाही, मूल नाही." त्याने वल्हं पुढे केलं. "लारते, ये. तुझ्या भावाची नाव आहे."

लारते कोण, म्हणून मी गर्दीत शोधू लागले. कोर्कोने माझा दंड धरला आणि जीपकडे वळवला.

क्वे! कागदावरचं नाव क्वे, आईने ठेवलेलं नाव लारते. ह्याच गावात जन्मलेला, ह्याच वाळूत वाढलेला. त्याने स्वतःच्या थोरल्या भावावर चुना ओतायला लावला होता. म्हणून कुणाच्या अंगणात पाय ठेवत नव्हता तो. मला एकदम रडू आलं आणि त्याच वेळी त्याला गदागदा हलवावंसं वाटत होतं, की जा ना, जा!

तो हलेना. जेसीबीवाल्याने इंजिन बंद केलं.

मग क्वे वाकला. त्याने बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढले, मोजे काढले, ते नीट बुटांत कोंबले. इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. वाळूतून चालत गेला, वल्हं घेतलं, आणि हिरव्या-तांबड्या एका नावेवर तळहात ठेवला. अगदी हळू, झोपलेल्या माणसाला उठवतात तसा.

"ओकाई," तो म्हणाला, "उठ."

आणि हातातल्या सरकारी टोपीने तो पाणी उपसायला लागला.

गावाने अशी आरोळी ठोकली की सगळे सुरय एकदम उडाले. माणसं नावांवर तुटून पडली. टोपल्या, तपेली, करवंट्या, दवाखान्यातली बेसिनं, जे हाताला लागेल ते. कोर्को ओचे खोचून एका नावेत उभी होती आणि जेसीबीवाला शर्ट काढून तिच्या मदतीला धावला होता. सर एका नावेत उतरले ते तिथेच बसले आणि बसल्या बसल्या उपसत राहिले. तांबूस पाणी वाळूवर धबाधबा पडत होतं, वाळू ते पिऊन टाकत होती, आणि वर राहिलेल्या अळ्या उन्हात वळवळून निपचित पडत होत्या. मी नाचत होते. खरंच नाचत होते, पळं हातात घेऊन!

मी ओकाईच्या नावेपाशी गेले तेव्हा क्वेची टोपी लगदा झाली होती. मी पळ्याने उपसायला लागले.

"तुला डास सापडू नयेत असं मला वाटत होतं," तो मान वर न करता म्हणाला. "खाजण उरलं नसतं तर नावा उरल्या नसत्या. मग मला कुणी कधी विचारलं नसतं, भावाला फिरवलंस का म्हणून."

मी उपसत राहिले.

ऊन कलता कलता नावा पाण्यात गेल्या. सगळ्यांत पुढे ओकाईची. तिच्यात वल्हं आडवं ठेवलेलं, आणि मागे क्वे, दुसरं वल्हं मारणारा. आम्ही दोघं नी ओक्पोतींच्या नावेत होतो. ढोल वाजत होते, बायका गात होत्या, आणि उथळ पाण्यात माशांची पिल्लं आमच्या नावांखालून चमकत पळत होती. सर दुर्बीण विसरून बोटानेच मला दाखवत होते.

खाजणाच्या मध्यावर सगळ्या नावा थांबल्या. कोर्कोने मला कानात सांगितलं, की इथे जवळच्या माणसाने तीनदा हाक देऊन विचारायचं असतं, आमचा माणूस आला का, आणि नावांनी उत्तर द्यायचं असतं, आला.

क्वे उभा राहिला. भिजलेला, चिखलाने बरबटलेला.

"ओकाई आला का?"

"आला!" नावा गरजल्या.

"ओकाई आला का?"

"आला!"

तिसऱ्यांदा त्याने तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. तो तसाच उभा राहिला, वल्ह्याला धरून, खांदे हलत होते. पुजाऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रश्नच आला नव्हता, उत्तर कसं द्यायचं? मी मात्र विचार करायला थांबलेच नाही. मी नावेत उठून उभी राहिले आणि जीव खाऊन ओरडले, "आला!" मराठीतच. माझ्यामागून सर, "इलो! इलो रे!" आणि मग सगळं खाजण, सगळ्या नावा, एका आवाजात, पुन्हा पुन्हा, क्वे खाली बसून ढसाढसा रडायला लागेपर्यंत आणि त्याच्यानंतरही.